शत्रुपक्षीय रुग्ण व वैद्यकीय नीतिधर्म

युद्धात जखमी झालेल्या, आजारी पडलेल्या किंवा कैद झालेल्या शत्रुपक्षीय व्यक्तींच्या बाबतीत वैद्याने पाळावयाच्या कर्तव्यांस व मर्यादांस उद्देशून ही संज्ञा वापरली जाते. यासंबंधीचे सांप्रत मान्य झालेले तत्त्व थोडक्यात असे : जखमेमुळे वा आजारामुळे लढण्यास असमर्थ झालेला आणि शत्रुत्वाची कृती न करणारा सैनिक वैद्याच्या दृष्टीने शत्रू राहत नाही, तो केवळ रुग्ण असतो. त्याच्यावरील उपचार स्वपक्षीय जखमींवरील उपचारांहून कमी प्रतीचे असता कामा नयेत आणि उपचारांचा क्रम रुग्णाच्या राष्ट्रीयत्वावरून नव्हे, तर वैद्यकीय निकडीवरून ठरला पाहिजे. हे तत्त्व वैद्यकाइतकेच पुरातन आहे, असा सर्वसाधारण समज आढळतो. तथापि इतिहासाचा साक्षेपाने विचार केला, तर वेगळेच चित्र दिसते. आपल्या राजाच्या वा राष्ट्राच्या शत्रूवर उपचार करावे की नाही, याविषयी प्राचीन वैद्यकीय परंपरा मौन पाळतात वा परस्परविरोधी उत्तरे देतात. या कर्तव्यास लिखित आंतरराष्ट्रीय नियमाचे स्वरूप १८६४ मध्ये प्राप्त झाले आणि त्यानंतरही ते अनेकदा पायदळी तुडविले गेले.

प्राचीन परंपरा : पाश्चात्त्य वैद्यकीय नीतीचा उगम हिपॉक्राटीझच्या नावावर असलेल्या शपथेत शोधण्याची प्रथा आहे. रुग्णाचे हित साधणे, त्यास अपाय न करणे व त्याची गुपिते राखणे ही कर्तव्ये या शपथेत येतात. शत्रुपक्षीय रुग्णाचा उल्लेख मात्र तीत नाही. उलट, हिपॉक्राटीझविषयीची एक आख्यायिका नेमकी विरुद्ध दिशेची आहे. इराणचा सम्राट आर्टाक्सर्क्सीझ याने आपल्या रोगग्रस्त सैन्यावर उपचार करण्यासाठी विपुल द्रव्य देऊ केले असता, ग्रीकांच्या शत्रूंना रोगमुक्त करणे आपणास शक्य नाही, असे सांगून हिपॉक्राटीझने ते नाकारले, असे ही आख्यायिका सांगते. ज्या पत्रांच्या आधारे ती प्रसृत झाली, ती पत्रे उत्तरकालीन व बनावट असल्याचे विद्वान मानतात. तरीही शतकानुशतके ही कथा देशनिष्ठ वैद्याचा आदर्श म्हणून सांगितली गेली. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात, १७९२ मध्ये, झिरोदे या चित्रकाराने याच प्रसंगावर एक प्रसिद्ध चित्र काढले. वैद्य प्रथम नागरिक की प्रथम वैद्य, या प्रश्नास त्या काळाने दिलेले उत्तर या चित्रातून स्पष्ट होते.

भारतीय परंपरेतही असाच दुपेडीपणा आढळतो. चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्यास दीक्षा देतेवेळी करावयाचा उपदेश आला आहे. त्यात वैद्याने सर्व प्राणिमात्रांचे कल्याण चिंतावे व रुग्णाच्या आरोग्यासाठी सर्वतोपरी झटावे, असे म्हटले आहे. परंतु राजाचा द्वेष करणाऱ्यांस व राजा ज्यांचा द्वेष करतो त्यांस औषध देऊ नये, असेही त्याच उपदेशात बजाविले आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात मोहिमेवर निघालेल्या सैन्यासोबतच्या वैद्याची कर्तव्ये एका स्वतंत्र अध्यायात सांगितली आहेत. पाणी, चारा, अन्न इत्यादींमध्ये शत्रूने विष मिसळले आहे काय, हे पारखून राजाचे रक्षण करणे, हे त्यांतील प्रमुख कर्तव्य होय. कौटिलीय अर्थशास्त्रातही शस्त्रे, औषधे, तेले व पट्ट्या घेतलेल्या वैद्यांनी सैन्याच्या पिछाडीस असावे, असे विधान आहे. पण हे वैद्य स्वसैन्याचे आहेत.

याउलट महाभारताच्या शांतिपर्वातील राजधर्मप्रकरणात भीष्माने युधिष्ठिरास केलेला उपदेश विशेष लक्षणीय आहे. ज्याचे शस्त्र मोडले आहे, वाहन नष्ट झाले आहे, अशा जखमी शत्रूवर विजेत्याने आपल्या राज्यात उपचार करवावे किंवा त्यास त्याच्या घरी पोहोचवावे, आणि जखम भरल्यावर त्यास मुक्त करावे, असे तेथे म्हटले असून, हा सनातन धर्म होय असेही सांगितले आहे. हे कर्तव्य वैद्याचे म्हणून नव्हे, तर राजाचे म्हणून सांगितले आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. वैद्यकग्रंथ वैद्यास राजाशी बांधून ठेवतात आणि राजधर्म राजालाच शत्रूच्या शुश्रूषेस बांधतो, अशी ही रचना आहे. शीख परंपरेत भाई कन्हैया यांची कथा प्रसिद्ध आहे. आनंदपूरच्या लढ्यात (१७०४ च्या सुमारास) ते जखमी शत्रुसैनिकांनाही पाणी पाजीत असल्याची तक्रार गुरू गोविंदसिंग यांच्याकडे झाली, तेव्हा गुरूंनी त्यांना दोष न देता जखमांवर लावण्यासाठी मलम व पट्ट्याही दिल्या, असे परंपरा सांगते.

सेनापतींमधील करार : यूरोपात सतराव्या-अठराव्या शतकांत परस्परविरोधी सेनापती एकेका मोहिमेपुरते लेखी करार करीत. कैद्यांची अदलाबदल, जखमींची देखभाल व रुग्णालयांची सुरक्षितता हे त्यांचे विषय असत. ऑस्ट्रियन वारसा युद्धातील डेटिंगेनच्या लढाईच्या वेळी (१७४३) ब्रिटिश सेनापती स्टेअरचा अर्ल व फ्रेंच सेनापती द्यूक द नोआय यांच्यात उभय पक्षांच्या रुग्णालयांवर हल्ला न करण्याविषयी झालेला समझोता विशेष गाजला. त्या मोहिमेत सहभागी असलेले वैद्य सर जॉन प्रिंगल यांनी सैन्यातील रोगांवरील आपल्या ग्रंथाच्या (१७५२) प्रस्तावनेत त्याची नोंद केली आहे. यापूर्वी रुग्णालये रणभूमीपासून फार दूर ठेवावी लागत आणि तेथवरच्या प्रवासातच अनेक जखमी दगावत. समझोत्यामुळे ती जवळ ठेवणे शक्य झाले. शत्रूच्या जखमींना अभय दिल्याने स्वपक्षाच्या जखमींचेही प्राण वाचतात, हा व्यावहारिक धडा यातून मिळाला. मात्र असे करार सेनापतींच्या मर्जीवर अवलंबून असत. पिएर फ्रांस्वा पर्सी या फ्रेंच लष्करी शल्यविशारदाने १८०० मध्ये रुग्णालयांना तटस्थ मानण्याचा मसुदा तयार केला. फ्रेंच सेनापतीने त्यास संमती दिली, पण ऑस्ट्रियन सेनापतीने ती नाकारल्याने तो तसाच राहिला.

नेपोलियनच्या सैन्यातील डॉमीनीक झां लारे (१७६६–१८४२) या शल्यविशारदाने जखमींना रणभूमीवरूनच त्वरेने उचलणाऱ्या, घोडे जुंपलेल्या हलक्या वाहनांची व्यवस्था निर्माण केली. जखमीचा हुद्दा वा त्याचा पक्ष न पाहता ज्याची जखम सर्वांत गंभीर त्याच्यावर प्रथम उपचार करावा, हा दंडकही त्याने घालून दिला. पुढे उपचारांचा क्रम ठरविण्याची जी शास्त्रशुद्ध पद्धती विकसित झाली, तिचे मूळ या दंडकात आहे. वॉटर्लूच्या लढाईत (१८१५) लारे प्रशियनांच्या हाती सापडला असता त्यास गोळ्या घालण्याचा हुकूम झाला होता; परंतु त्याने पूर्वी प्रशियन सेनापती ब्ल्यूखरच्या जखमी मुलावर उपचार केले होते, त्यामुळे त्याची सुटका झाली, असे सांगतात.

पालाशानो प्रकरण : शत्रूवर उपचार करणाऱ्या वैद्यास स्वपक्षाकडूनच शिक्षा होऊ शकते, याचे ठळक उदाहरण म्हणजे फेर्दिनांदो पालाशानो (१८१५–९१) या इटालियन शल्यविशारदाचे होय. १८४८ मध्ये सिसिलीतील उठाव मोडून काढण्यासाठी नेपल्सच्या राजाने पाठविलेल्या सैन्यात तो अधिकारी होता. मेसीना येथे त्याने जखमी बंडखोरांवरही उपचार केले. सेनापती फिलांजिएरी याने हा राजद्रोह ठरविला व पालाशानोला देहान्त शिक्षा व्हावी अशी भूमिका घेतली. राजा दुसरा फेर्दिनांद याच्या हस्तक्षेपामुळे ती टळून त्याला एक वर्षाचा कारावास भोगावा लागला. पुढे १८६१ मध्ये नेपल्स येथील पोंतानियाना अकादमीत दिलेल्या व्याख्यानात त्याने असे प्रतिपादन केले, की युद्ध करणाऱ्या सर्व राष्ट्रांनी जखमी सैनिकांस, ते बरे होईपर्यंत, तटस्थ मानावे. पालाशानोच्या मागणीचे वेगळेपण असे, की वैद्याने दयाबुद्धीने शत्रूवर उपचार करावे एवढेच म्हणून तो थांबला नाही. रुग्णाची तटस्थता कायद्याने मान्य झाल्याखेरीज वैद्याची दया त्याच्याच गळ्याला फास लावील, हे त्याने स्वानुभवाने जाणले होते.

सॉल्फेरीनो ते जिनीव्हा : २४ जून १८५९ रोजी उत्तर इटलीत सॉल्फेरीनो येथे फ्रान्स व सार्डिनिया यांच्या संयुक्त सैन्याची ऑस्ट्रियन सैन्याशी लढाई झाली. एका दिवसात उभय पक्षांचे मिळून सु. ४०,००० सैनिक मारले गेले, जखमी झाले वा बेपत्ता झाले. कामानिमित्त तेथे आलेला स्विस व्यापारी झां आंरी द्यूनां (१८२८–१९१०) याने नजीकच्या कास्तील्योने गावातील चर्चमध्ये स्थानिक स्त्रियांच्या साहाय्याने जखमींची शुश्रूषा केली. या स्त्रियांनी ऑस्ट्रियन व फ्रेंच असा भेद मानला नाही. तथापि खरी उणीव वैद्यांची होती. ती पाहून, कैद झालेल्या ऑस्ट्रियन वैद्यांना जखमींवर उपचार करण्यासाठी मुक्त करावे, असा आग्रह द्यूनांने धरला आणि तिसऱ्या नेपोलियनने तसा आदेशही काढला. शत्रूचा वैद्य हा सामान्य युद्धकैदी नव्हे, या पुढील काळातील नियमाची ही पूर्वपीठिका होय.

द्यूनांने १८६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकामुळे यूरोपीय लोकमत जागृत झाले. जिनीव्हा येथे १८६३ मध्ये पाच जणांची समिती स्थापन झाली. द्यूनां, विधिज्ञ म्वान्ये व सेनापती द्यूफूर यांच्याबरोबर लुई आप्या व तेओदोर मोन्वार हे दोन वैद्यही तीत होते. हीच पुढे आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समिती म्हणून प्रसिद्धीस आली. या कल्पनेस विरोधही झाला. जखमींची जबाबदारी स्वयंसेवी संस्थांनी उचलल्यास सरकारे आपल्या कर्तव्यातून अंग काढून घेतील, असे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे मत होते.

अखेर २२ ऑगस्ट १८६४ रोजी पहिल्या जिनीव्हा करारावर १२ राष्ट्रांनी सह्या केल्या. त्यात केवळ १० कलमे होती. रुग्णवाहक पथके, लष्करी रुग्णालये व तेथील कर्मचारी यांना तटस्थ मानावे, पांढऱ्या पार्श्वभूमीवरील तांबडा क्रूस ही त्यांची खूण असावी, असे त्यात ठरले. सहाव्या कलमाने जखमी वा आजारी सैनिक कोणत्याही राष्ट्राचा असो, त्यास उचलून आणून त्याची शुश्रूषा करावी, हे बंधन घातले. महाभारतातील राजधर्म व पालाशानोची मागणी या दोहोंतील आशय आता राष्ट्राराष्ट्रांतील करारात उतरला.

याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्धातही हा विचार स्वतंत्रपणे पुढे आला. मे १८६२ मध्ये विंचेस्टर येथे दक्षिणेच्या सैन्यातील शल्यविशारद हंटर मॅग्वायर याने कैद केलेल्या उत्तरेकडील वैद्यांची मुक्तता घडवून आणली. एप्रिल १८६३ मध्ये उत्तरेच्या सैन्यासाठी काढलेल्या लीबर संहितेत, कैद झालेल्या प्रत्येक जखमी शत्रूवर वैद्यकीय उपचार केले जावेत, असा नियम समाविष्ट झाला.

करारांच्या कक्षेबाहेरील शत्रू : जिनीव्हा करार हा त्यावर सह्या करणाऱ्या राष्ट्रांपुरता होता. वसाहतींमधील युद्धांत यूरोपीय सत्तांनी त्याचे बंधन मानले नाही. तेथील शत्रूंस बंडखोर वा रानटी लेखले गेले. १९०६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीत झुलू लोकांचा उठाव झाला, तेव्हाचा प्रसंग या दृष्टीने बोलका आहे. मोहनदास करमचंद गांधी यांनी २०–२५ हिंदी स्वयंसेवकांचे एक शुश्रूषापथक उभारून सरकारला देऊ केले होते. प्रत्यक्षात त्यांच्या वाट्यास प्रामुख्याने जखमी झुलूंची शुश्रूषा आली; कारण गोरे परिचारक ती करण्यास तयार नव्हते. या जखमींत फटक्यांची शिक्षा भोगलेले अनेक जण होते व देखभालीअभावी त्यांचे व्रण चिघळले होते. पथकाचे वैद्यकीय प्रमुख डॉ. सॅव्हेज यांनी या हिंदी स्वयंसेवकांचे स्वागत केल्याचे गांधींनी आत्मकथेत नमूद केले आहे. उपचाराची इच्छा असलेला वैद्य होता, औषधे होती. नव्हते ते रुग्णास हात लावावयास तयार असलेले मनुष्यबळ. वैद्याचा नीतिधर्म केवळ वैद्याच्या सद्भावनेवर तगत नाही, त्यामागे संपूर्ण व्यवस्था उभी राहावी लागते, हे यावरून दिसून येते.

कर्तव्याची मर्यादाही याच काळात स्पष्ट झाली. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश परिचारिका ईडिथ कॅव्हेल (१८६५–१९१५) यांनी जर्मनव्याप्त ब्रूसेल्स येथे उभय पक्षांच्या जखमींची शुश्रूषा केली. १२ ऑक्टोबर १९१५ रोजी जर्मनांनी त्यांना गोळ्या घातल्या, त्या शुश्रूषेबद्दल नव्हे, तर दोस्त सैनिकांस पलायनास साहाय्य केल्याबद्दल. या शिक्षेविरुद्ध जगभर संताप उसळला. तथापि उपचार करणे हे संरक्षित कृत्य आणि रुग्णास पुन्हा आपल्या सैन्याकडे पोहोचविणे हे असंरक्षित कृत्य, ही सीमारेषा कायद्यात आजही आहे.

दुसरे महायुद्ध व वैद्यकाचा अधःपात : शत्रूवर उपचार न करणे हा कर्तव्याचा भंग खरा, पण शत्रूच्या देहाचा साधन म्हणून उपयोग करणे हा त्याहून भीषण अपराध होय. दुसऱ्या महायुद्धात या दोन्ही गोष्टी मोठ्या प्रमाणावर घडल्या. जर्मनीच्या हाती पडलेल्या सु. ५७ लाख सोव्हिएट युद्धकैद्यांपैकी सु. ३३ लाख कैदी मृत्यू पावले. उपासमार, थंडी, सरसहा हत्या व साथीचे रोग ही त्याची कारणे होत. राफेन्सब्रूक येथील छळछावणीत पोलिश स्त्रीकैद्यांना मुद्दाम जखमा करून त्यांत जंतुसंसर्ग घडवून आणण्यात आला व सल्फा औषधांचे प्रयोग करण्यात आले. जर्मन सैनिकांच्या जखमांवरील उपचार शोधणे, हा त्यामागील हेतू होता. म्हणजे स्वपक्षीय रुग्णाचे हित हेच शत्रूच्या छळाचे समर्थन ठरले.

न्यूरेंबर्ग येथे ९ डिसेंबर १९४६ रोजी सुरू झालेल्या खटल्यात २३ आरोपी होते व त्यांपैकी २० जण वैद्य होते. ऑगस्ट १९४७ मध्ये १६ जणांना दोषी ठरविण्यात आले व त्यांपैकी ७ जणांना देहान्ताची शिक्षा झाली. या निकालपत्रात मानवावरील प्रयोगांविषयीची जी दहा तत्त्वे नमूद झाली, ती न्यूरेंबर्ग संहिता म्हणून ओळखली जातात. पूर्वेकडे जपानी सैन्याच्या ७३१ क्रमांकाच्या पथकाने मँचुरियात हार्बिननजीक प्रामुख्याने चिनी कैद्यांवर रोगजंतूंचे व अन्य प्राणघातक प्रयोग केले. त्याचा प्रमुख शीरो इशी हा स्वतः वैद्य होता. सोव्हिएट संघाने १९४९ मध्ये खबारोफ्स्क येथे यासंबंधी खटला चालविला. परंतु इशी व त्याचे अनेक सहकारी यांना, माहितीच्या मोबदल्यात, अमेरिकेने खटल्यापासून अभय दिले. क्यूशू येथील विद्यापीठात १९४५ मध्ये कैद झालेल्या अमेरिकन वैमानिकांवर प्राणघातक शस्त्रक्रिया केल्याबद्दल संबंधित वैद्यांवर योकोहामा येथे १९४८ मध्ये खटला झाला. तेथील वैद्य लष्करातीलच नव्हते, विद्यापीठातील अध्यापकही होते. यावरून व्यावसायिक प्रतिष्ठा हे नीतीचे कवच ठरत नाही, हे स्पष्ट होते.

याच युद्धभूमीवर वेगळी उदाहरणेही घडली. चीनमध्ये आठव्या मार्ग सेनेसमवेत काम करणारे कॅनेडियन शल्यविशारद नॉर्मन बेथून (१८९०–१९३९) यांनी जखमी जपानी कैद्यांवरही उपचार केले. त्यांच्या स्मरणार्थ उभारलेल्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुखपद पुढे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस (१९१०–४२) यांनी सांभाळले. भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने १९३८ मध्ये चीनला धाडलेल्या पाच वैद्यांच्या पथकात कोटणीसांबरोबर नागपूरचे डॉ. चोळकर हेही होते.

१९४९ चे जिनीव्हा युद्धसंकेत व तदनंतर : महायुद्धातील अनुभवाच्या पार्श्वभूमीवर १२ ऑगस्ट १९४९ रोजी चार नवे जिनीव्हा युद्धसंकेत संमत झाले. जगातील सर्व राष्ट्रांनी ते स्वीकारले आहेत. भारताने १९५० मध्ये त्यांस अनुसमर्थन दिले व १९६० मध्ये त्यांच्या अंमलबजावणीसाठी स्वतंत्र अधिनियम केला. वैद्याच्या दृष्टीने त्यांतील महत्त्वाच्या तरतुदी पुढीलप्रमाणे आहेत : (१) जखमी व आजारी व्यक्तींमध्ये लिंग, वंश, राष्ट्रीयत्व, धर्म वा राजकीय मत यांवरून प्रतिकूल भेद करता येणार नाही, उपचारांतील अग्रक्रम केवळ तातडीच्या वैद्यकीय कारणांवरूनच ठरविता येईल. (२) त्यांना हेतुपुरस्सर उपचारांविना सोडणे व त्यांच्यावर जीवशास्त्रीय प्रयोग करणे निषिद्ध आहे. (३) जखमींची शुश्रूषा केल्याबद्दल कोणासही त्रास वा शिक्षा देता येणार नाही. (४) शत्रूच्या हाती पडलेल्या वैद्यास युद्धकैदी मानता येणार नाही. कैद्यांच्या उपचारांसाठी आवश्यक तेवढाच काळ त्यास ठेवून घेता येईल. (५) जखमी, आजारी व वैद्यकीय कर्मचारी यांच्यावर सूड उगविता येणार नाही. ही शेवटची तरतूद विशेष महत्त्वाची आहे. कारण तिच्यामुळे शत्रुपक्षीय रुग्णाविषयीचे कर्तव्य परस्परतेच्या अटीतून मुक्त झाले. शत्रू आपल्या जखमींना कसे वागवितो, यावर ते आता अवलंबून नाही.

वैद्यकीय व्यवसायानेही आपल्या शपथेतील मौन सोडले. जागतिक वैद्यकीय संघटनेने १९४८ मध्ये जिनीव्हा येथे संमत केलेल्या प्रतिज्ञेत रुग्णाचा धर्म, राष्ट्रीयत्व, वंश व राजकीय पक्ष यांचा विचार कर्तव्याच्या आड येऊ देणार नाही, असे वचन आहे. याच संघटनेने १९५६ मध्ये, युद्धकाळातील वैद्यकीय नीती ही शांतताकाळातील नीतीहून भिन्न नाही, असे जाहीर केले. १९७७ च्या पूरक संधिलेखांनी आणखी एक पाऊल टाकले : वैद्यकीय नीतीस अनुसरून केलेल्या उपचारांबद्दल, लाभ कोणासही झाला असो, वैद्यास शिक्षा करता येणार नाही आणि नीतिविरुद्ध कृत्य करण्यास त्यास भाग पाडता येणार नाही. पालाशानोने भोगलेल्या कारावासानंतर सु. १३० वर्षांनी हा नियम लिहिला गेला. भारताने या पूरक संधिलेखांस अद्याप मान्यता दिलेली नाही.

लष्करी वैद्याची दुहेरी निष्ठा : लष्करातील वैद्य हा एकाच वेळी सैन्याचा अधिकारी व रुग्णाचा वैद्य असतो. त्यामुळे काही पेच वारंवार उद्भवतात. पहिला पेच उपचारक्रमाचा. रक्त, औषधे व शस्त्रक्रियेची टेबले अपुरी असताना गंभीर जखमी शत्रूस आधी घेऊन स्वतःच्या सहकाऱ्यास थांबविणे मानसिक दृष्ट्या अत्यंत कठीण असते. तरीही नियम नेमका तेच सांगतो. दुसरा पेच माहितीचा. भूल उतरताना वा वेदनेच्या भरात शत्रुसैनिक जे बोलतो ते गुप्तवार्ता म्हणून वापरले गेले, तर रुग्णालय ही चौकशीचीच खोली होते व पुढचा जखमी उपचारांस भिऊ लागतो. तिसरा पेच असा, की बरा झालेला शत्रू पुन्हा लढावयास उभा राहू शकतो. यावर कायद्याचे उत्तर असे, की कैद करणे हे सैन्याचे काम आहे. बरे करणे हे वैद्याचे. वैद्यास स्वतःच्या व रुग्णांच्या रक्षणार्थ हलके शस्त्र बाळगण्याची मुभा आहे, परंतु रुग्णालयाचा लढाईसाठी उपयोग झाल्यास त्याचे संरक्षण संपुष्टात येऊ शकते.

उपचारांचाच राजकीय साधन म्हणून उपयोग व्हावा का, हा प्रश्न व्हिएटनाम युद्धकाळात उपस्थित झाला. अमेरिकन सैन्यातील त्वचारोगतज्ज्ञ कॅप्टन हॉवर्ड लीव्ही यांनी विशेष दलाच्या सैनिकांना वैद्यकीय प्रशिक्षण देण्याचे नाकारले. हे सैनिक उपचारांचा उपयोग लष्करी हेतूंसाठी करतात, असे त्यांचे म्हणणे होते. १९६७ मध्ये लष्करी न्यायालयाने त्यांना तीन वर्षांची शिक्षा दिली. जागतिक वैद्यकीय संघटनेच्या टोकिओ घोषणेने (१९७५) छळात कोणत्याही प्रकारे सहभागी होण्यास वैद्यास मनाई केली. तरीही इराकमधील अबू घ्रेब तुरुंगातील अत्याचार २००४ मध्ये उघडकीस आले, तेव्हा काही लष्करी वैद्यकीय कर्मचाऱ्यांनी जखमांच्या खऱ्या कारणांविषयी मौन पाळल्याचे दिसून आले. ग्वांतानामो येथील उपोषण करणाऱ्या कैद्यांना बळाने अन्न देण्यावरूनही असाच वाद झाला. १९९१ च्या मॉल्टा घोषणेनुसार सज्ञान व्यक्तीच्या इच्छेविरुद्ध असे करणे अनैतिक होय.

भारतीय उपखंडातील व अन्य उदाहरणे : कोरियन युद्धात भारताने लढाऊ सैन्य न पाठविता लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखाली ६० वे पॅराशूट फील्ड अँब्युलन्स हे वैद्यकीय पथक धाडले (१९५०). युद्धविरामानंतर मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या चिनी व कोरियन कैद्यांचा ताबा भारतीय दलाकडे आला, तेव्हा हे पथक त्यास जोडले गेले. १९७१ च्या भारत-पाक युद्धात १६ डिसेंबर रोजी ढाक्यास शरणागती झाल्यावर सु. ९३,००० पाकिस्तानी सैनिक व नागरिक भारताच्या ताब्यात आले. दिल्ली करारानुसार (१९७३) त्यांची परतपाठवणी १९७४ मध्ये पूर्ण झाली. तोवर त्यांच्या आरोग्याची जबाबदारी भारतीय सेनेच्या वैद्यकीय दलावर होती.

याच युद्धात उलट बाजूचा एक प्रसंग घडला. गुरखा पलटणीतील मेजर इयन कार्डोझो यांचा पाय सुरुंगाच्या स्फोटात निकामी झाला. तो त्यांनी खुकरीने तोडून टाकला. भारतीय शल्यविशारद उपलब्ध नसल्याने कैद झालेले पाकिस्तानी शल्यविशारद मेजर मोहंमद बशीर यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया करावी, असे ठरले. कार्डोझो यांनी प्रारंभी त्यास नकार दिला होता, परंतु शेवटी शस्त्रक्रिया झाली व ती यशस्वी ठरली. कार्डोझो पुढे मेजर जनरल या हुद्द्यापर्यंत पोहोचले. हा प्रसंग दोन कारणांनी उद्‌बोधक आहे. कैद्याच्या हाती शस्त्रक्रियेची सुरी देणाऱ्यांनी त्याच्या व्यवसायावर विश्वास टाकला आणि कैद्याने तो सार्थ केला. शिवाय शत्रुपक्षीय वैद्याविषयी रुग्णाच्या मनात जो स्वाभाविक अविश्वास असतो, तो दूर करण्याचे सामर्थ्य केवळ वैद्यकीय नीतीच्या अखंड पालनात असते, हेही यातून दिसते.

फॉकलंड युद्धात (१९८२) ब्रिटिश शल्यविशारद रिक जॉली (१९४६–२०१८) यांनी एजॅक्स बे येथील मांस गोठविण्याच्या एका बंद पडलेल्या कारखान्यात रुग्णालय थाटले. इमारतीत न फुटलेले बाँब पडून असतानाही तेथे ब्रिटिश व अर्जेंटिनी जखमींवर सारखेच उपचार झाले. या सेवेबद्दल पुढे ब्रिटनबरोबर अर्जेंटिनानेही त्यांना सन्मानित केले.

सद्यःस्थिती व मूल्यमापन : एकविसाव्या शतकातील संघर्ष बहुधा राष्ट्राराष्ट्रांतील नसून शासन व सशस्त्र गट यांच्यातील असतात. अशा संघर्षांत शत्रू हा शत्रू म्हणून नव्हे, तर गुन्हेगार वा दहशतवादी म्हणून ओळखला जातो व त्याच्यावर उपचार करणारा वैद्य त्याचा साथीदार ठरतो. सिरियात जुलै २०१२ मधील दहशतवादविरोधी कायद्यांमुळे विरोधी पक्षाच्या जखमींवर उपचार करणे व्यवहारतः गुन्हा ठरले. अफगाणिस्तानातील कुंदुझ येथे ३ ऑक्टोबर २०१५ रोजी अमेरिकन विमानाच्या हल्ल्यात ‘सीमाविरहित वैद्य’ या संघटनेच्या रुग्णालयातील ४२ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. सरकारी सैनिक व तालिबान या दोहोंच्याही जखमींवर तेथे उपचार होत असत. हा हल्ला मानवी चुकीमुळे झाल्याचे अमेरिकेने म्हटले. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीने ३ मे २०१६ रोजी संमत केलेल्या २२८६ क्रमांकाच्या ठरावात वैद्यकीय कर्मचारी व रुग्णालये यांवरील हल्ल्यांचा निषेध केला. हल्ले मात्र थांबलेले नाहीत.

शत्रूवर उपचार का करावे, या प्रश्नास इतिहासाने तीन उत्तरे दिली आहेत. पहिले दयेचे; भाई कन्हैया व कास्तील्योनेच्या स्त्रिया यांचे ते उत्तर होय. दुसरे परस्परहिताचे, डेटिंगेनच्या सेनापतींनी ते दिले. दया व्यक्तीगणिक बदलते आणि परस्परहित शत्रूच्या वर्तनावर अवलंबून राहते, म्हणून ही दोन्ही उत्तरे अपुरी ठरली. तिसरे उत्तर वैद्यकाच्या स्वरूपातून येते : कोणाला बरे करावे व कोणाला मरू द्यावे, हे ज्या वैद्यास राज्यसत्ता ठरवून देते, तो शत्रूचाच नव्हे, तर स्वजनांचाही विश्वासू वैद्य राहत नाही, कारण सत्तेच्या दृष्टीने शत्रू कोण, ही गोष्ट बदलत असते. मेसीनाचे बंडखोर राजाचे प्रजाजनच होते आणि जर्मनीत युद्धकैद्यांपूर्वीच स्वदेशीय मनोरुग्णांची हत्या वैद्यांच्या हातून झाली होती. शत्रुपक्षीय रुग्णाविषयीचे कर्तव्य हे युद्धापुरते उद्भवणारे विशेष औदार्य नसून वैद्यकीय नीतिधर्माची ती सर्वांत कठोर कसोटी आहे.